पट मोजलात, आता अंतरही मोजा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि शालेय शिक्षण विभागाचे सर्व अधिकारी

स. न. वि. वि.

कमी पटाच्या शाळांचं काय करायचं, हा विषय तुमच्या विभागात गेली कित्येक वर्षं चालू आहे. २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी मुलं असलेल्या तेराशेहून अधिक शाळा बंद करून ती मुलं दुसऱ्या शाळांत पाठवायचं ठरलं. सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळा मिळून एकच मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचा आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचा दाखला देण्यात आला. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा तेव्हा विभागाच्याच आकड्यांप्रमाणे जवळपास पंधरा हजार होत्या, आणि त्यांत शिकणारी मुलं पावणेदोन लाखांच्या वर. मार्च २०२४ मध्ये संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे त्याचे, नवे निकष आले. मंत्रालयात निघालेला असा प्रत्येक कागद फिरत फिरत आमच्या वाडीपर्यंत येतो. आता आमच्याही शाळेचं नाव समायोजनाच्या, म्हणजे शाळा बंद करून मुलं दुसऱ्या शाळेत पाठवायच्या, यादीत आलं आहे. आम्ही गप्प बसलो तर आमची संमती आहे असं धरलं जाईल, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मी या शाळेच्या व्यवस्थापन समितीची सदस्य आहे आणि माझी मुलगी तिथे दुसरीत शिकते. आमची वाडी सह्याद्रीच्या उतारावर आहे. पंचवीस-तीस घरं, भाताची खाचरं, कर्ती माणसं बरीचशी मुंबईला. गावठाण खाली, आम्ही वर. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी वाडीवर शाळा नव्हती. ती खालच्या गावच्या शाळेत दुसरीपर्यंत गेली. तिसरीच्या पावसाळ्यात तिला घरी ठेवलं, ते कायमचंच. आई-वडिलांना शिक्षणाचं वावडं नव्हतं, ओढ्याची धास्ती होती. पुढे शासनाची वस्तीशाळा योजना आली. देवळाच्या ओसरीवर, महिना हजार रुपये मानधनावर काम करणाऱ्या निमशिक्षकानं आमची शाळा सुरू केली. मी तिथेच चौथीपर्यंत शिकले, पुढे बारावी झाले. आज बचत गटाचे हिशेब मी लिहिते, ग्रामसभेत उभी राहून बोलते. बहीण अजून अंगठा देते. आम्ही एकाच आईच्या मुली. मला शाळा मिळाली आणि तिला नाही, याला दुसरं काहीही कारण नाही. तिच्या वेळी शाळा लांब होती, माझ्या वेळी ती वाडीवर आली, एवढंच.

त्या वस्तीशाळेची पुढे नियमित प्राथमिक शाळा झाली, दोन खोल्या बांधल्या गेल्या, फळा आला, नळ आला. ती आता बंद करून मुलांना खालच्या शाळेत पाठवायचं म्हणता. म्हणजे माझ्या मुलीनं तिच्या मावशीच्या वाटेनं जायचं.

तुमच्या फायलीत ही वाट एक किलोमीटरच्या आत बसते. नकाशावर दोन ठिपके जोडले तर बसेलही. त्या वाटेनं चालून बघा. वाडीतून निघाल्यावर आधी खाचरांच्या बांधावरून उतरायचं, जूनपासून तिथे चिखल असतो आणि मोठ्या माणसाचाही पाय सटकतो. मग करवंदीच्या जाळ्यांतून पाऊलवाट. त्यानंतर ओढा. त्यावर साकव नाही, दगडांवर पाय ठेवत पलीकडे जायचं. वरच्या डोंगरावर पाऊस झाला की आमच्याकडे ऊन असलं तरी ओढ्याला पाणी येतं, आणि ते येताना सांगून येत नाही. सकाळी मूल सुखरूप उतरलं म्हणजे दुपारी सुखरूप चढेल असं नाही. ओढा टाळायचा तर डांबरी रस्त्यानं वळसा घालून जायचं, तो चार किलोमीटरच्या वर भरतो आणि त्यावर सकाळची एकच एसटी आहे. पाहणीला साहेब आले ते मे महिन्यात. ओढा कोरडा होता. त्यांनी मोबाईलवर अंतर बघितलं, दोन फोटो काढले आणि गेले. जुलैत कोणी आलं नाही. गेली काही वर्षं या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि वनखातं स्वतःच आम्हाला सांगतं की लहान मुलांना एकटं सोडू नका. एक खातं सांगतं एकटं सोडू नका, दुसरं खातं सांगतं खाली पाठवा. सहा वर्षांच्या मुलाला रोज पोचवायला आणि आणायला घरातल्या बाईनं लावणीच्या दिवसांत मजुरी बुडवायची का, याचं उत्तर कोणत्याच फायलीत नाही.

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा, हे आपल्या राज्याच्या नियमांतच आहे. ते अंतर मुलाच्या पायांसाठी ठरवलं होतं. ते पावसाळ्यात, दप्तर पाठीवर असलेल्या मुलाच्या वाटेनंच मोजलं पाहिजे.

आता पटाबद्दल. आमच्या शाळेचा पट घटला हे खरं आहे. पण तो कसा घटला, हे एकाही अहवालात येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर सांगते.

काही वर्षांपूर्वी पट तिशीच्या पुढे होता आणि शिक्षक दोन होते. त्यातल्या एका गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी कोणी आलंच नाही, कारण २०१२ नंतर राज्यात कित्येक वर्षं शिक्षक भरतीच बंद होती. उरलेल्या बाईंवर चार वर्ग आले. त्याच बाईंनी पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा, मुलं जेवत असल्याचे फोटो पाठवायचे, रोज मागितलेली ऑनलाइन माहिती भरायची. रेंज मिळावी म्हणून त्या शाळेमागच्या टेकाडावर जाऊन उभ्या राहतात, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यात मतदार याद्यांचं काम आलं, निरनिराळी सर्वेक्षणं आली, तालुक्याच्या मिटिंगा आणि प्रशिक्षणं तर असतातच. बाई मिटिंगला गेल्या की शाळेला कुलूप. आम्ही बाईंना बोल लावत नाही. एका माणसाचे दोन तुकडे करता येत नाहीत.

पण आई-बाप किती दिवस कुलूप बघणार? ज्यांच्या हातात मुंबईहून येणारा थोडा पैसा होता, त्यांनी मुलं खालच्या रस्त्यावर येणाऱ्या पिवळ्या गाडीत बसवली आणि इंग्रजी माध्यमात घातली. फीसाठी काहींनी दागिने ठेवले. मी त्यांना दोष देणार नाही. पट तिशीवरून विशीत आला, विशीवरून त्याच्याही खाली. मागे राहिली ती ज्यांच्या बापाला फी झेपत नाही त्यांची मुलं, आणि ज्या घरात मुलगा गाडीत बसला त्या घरातल्या मुली. आमच्या शाळेत आज मुलांपेक्षा मुली जास्त आहेत. याचं कौतुक करावं असं काही त्यात नाही. आधी शिक्षक द्यायचा नाही, मग मुलं गेली की पट घटला म्हणून शाळाच काढून घ्यायची, हा न्याय नाही. दुखणं विभागाच्या हलगर्जीपणाचं आहे आणि शिक्षा मागे राहिलेल्या मुलींना आहे.

पट मोजायची तुमची पद्धतही आम्हाला मान्य नाही. संचमान्यता होते ती ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि आता त्यातही आधार जुळलेली मुलंच धरली जातात. आमच्या शाळेत रोज हजर असणारी दोन मुलं त्यामुळे हिशेबातच नाहीत. एकीच्या आधारवर जन्मतारीख चुकली आहे, दुसऱ्याच्या बापाचं नाव दोन कागदांवर दोन तऱ्हेनं छापलं आहे. दुरुस्तीसाठी तालुक्याला खेटे घालून झाले, मशीन बंद, नाहीतर साइट बंद. २०११ च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली होती ती हजेरीपटावरची खोटी मुलं शोधायला, आणि ती व्हायलाच हवी होती. आज समोर बाकावर बसून पाढे म्हणणारं खरं मूल मोजलं जात नाही. आमच्यासारख्या शाळेत दोन मुलांच्या फरकानं शाळा राहते किंवा जाते.

कायद्याचंच बोलायचं तर त्याला जोडलेली अनुसूची वाचावी. पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. खालची मर्यादा दिलेली नाही. दहा मुलं असली तरी दोन शिक्षक. सहावी ते आठवीसाठी प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र व भाषा यांना निदान एकेक. असं असताना मार्च २०२४ च्या निकषांनंतर सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली असलेल्या कित्येक शाळांना शून्य शिक्षक मंजूर झाले. वर्ग आहे, मुलं आहेत, शिक्षक शून्य. संसदेनं केलेला कायदा शासन निर्णयानं असा बाजूला सारता येतो का, हे विभागानं जाहीरपणे सांगावं.

आणखी एक गोष्ट फार लागली, ती बोलल्याशिवाय राहवत नाही. खासगी शाळांत २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांसाठी राखीव असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तुमच्याच विभागानं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेनं त्या जागा दिल्या नाहीत तरी चालेल. त्याच वर्षीच्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. खासगी शाळांना मोकळं करायचं होतं तेव्हा एक किलोमीटरवरची सरकारी शाळा तुम्हाला पुरेशी वाटली. आमच्याकडे तीच शाळा नकोशी झाली. गरिबाच्या मुलाला खासगीत जागा द्यायला मागेपुढे बघायचं आणि सरकारी शाळाही त्याच्या दारातून उचलायची, मग त्यानं शिकायचं कुठे?

आम्हाला कोणी विचारलंही नाही. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका. शाळेचा विकास आराखडा करायचं काम तिच्याकडे. आम्ही तो दर वर्षी करतो; संडासाचं दार, गळकी कौलं, दुसरा शिक्षक असं सगळं लिहून देतो. शाळा बंद करायची वेळ आली तेव्हा मात्र समितीची बैठक झाली नाही, ग्रामसभा झाली नाही. यादी आली ती बाईंच्या व्हॉट्सअॅपवर.

तुमची बाजूही मी ऐकली आहे आणि ती सगळी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पंधरा मुलांत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत. एका बाईंना चार वर्ग एकाच वेळी सांभाळणं अवघड जातं. प्रयोगशाळा, वाचनालय, संगीताचे शिक्षक इतक्या लहान शाळेत येणं कठीण. मोठ्या शाळेत हे मिळतं, आणि माझ्या मुलीला ते मिळावं असं मलाही वाटतं. पण त्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलानंच रोज डोंगर उतरला पाहिजे असं कोणी ठरवलं? दहा-बारा शाळांचं एक केंद्र आधीपासून आहे, केंद्रप्रमुख आहेत, केंद्रशाळा आहे. कला, खेळ आणि इंग्रजीचे शिक्षक केंद्रावर नेमा आणि त्यांना आठवड्यातून एकेक दिवस वाड्यांवर पाठवा. मोठ्या माणसाला फटफटीवर ओढ्याचा वळसा घालता येतो. महिन्यातून एकदा सगळ्या लहान शाळांची मुलं गाडीनं केंद्रशाळेत न्या, तिथे खेळू द्या, प्रयोग करू द्या. चार वर्ग एकत्र बसवून शिकवायची रीत आपल्या जिल्हा परिषदेच्या गुरुजींना नवी नाही, चांगल्या शिक्षकांनी ती वर्षानुवर्षं निभावली आहे. आमच्या शाळेत चौथीची मुलं पहिलीच्या मुलांना वाचून दाखवतात आणि पहिलीची मुलं चौथीच्या कविता पाठ म्हणतात. त्यांना आणखी एक शिक्षक मिळाला तर काय होईल, ते एकदा बघा तरी.

गाडी देऊ, असंही सांगितलं जातं. ती गाडी ठेकेदाराची असते, बिल थकलं की बंद पडते. वाडीपर्यंत चढत तर नाहीच. आणि वसतिगृहाबद्दल एवढंच म्हणते, की पहिलीतलं मूल आईपासून दूर ठेवायला आम्ही तयार नाही. आमच्या जागी तुम्हीही झाला नसतात.

खर्चाचा मुद्दा शेवटी येतोच. एका मुलामागे इतके पैसे परवडत नाहीत, असं सांगितलं जातं. १८८२ साली, इंग्रज सरकारनं शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी सांगितलं होतं, की सरकारचा महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी तेव्हाच केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी राजाला पालकांच्या मागे लागावं लागत होतं. आज पालक तुमच्या दारात उभे आहेत, मूल पाठवायला तयार आहेत, आणि शाळाच मागे सरकते आहे. साबण-काडेपेटीवरचा कर आम्हीही भरतो. आमच्या वाडीवर सरकार म्हणून दिसतं ते या दोन खोल्यांत. मतदान तिथे होतं, बाळांना डोस तिथे मिळतात, दरड कोसळायची भीती असते त्या रात्री माणसं तिथे झोपतात. बंद पडलेल्या शाळेचं दोन पावसाळ्यांत काय होतं, ते शेजारच्या वाडीवर जाऊन बघता येईल. कौलं उतरवून नेली आहेत, आत गुरं बांधतात. तिथली चार मुलं खालच्या शाळेच्या पटावर आहेत. नेमानं जातो त्यातला एक.

आमच्या मागण्या अशा आहेत. समायोजनाची यादी तूर्त थांबवा. प्रत्येक शाळेची वाट जुलै-ऑगस्टमध्ये, व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसोबत पायी चालून मोजा आणि त्याचा पंचनामा ग्रामसभेत वाचून दाखवा. ज्या वाटेवर ओढा, घाट किंवा जंगल आहे तिथली शाळा पट कितीही असला तरी बंद करू नका. हजेरीपटावर असलेलं आणि प्रत्यक्ष वर्गात बसलेलं प्रत्येक मूल संचमान्यतेत धरा. आधारची दुरुस्ती ही यंत्रणेची जबाबदारी आहे, त्यासाठी मशीन शाळेत आणा. पहिली ते पाचवीच्या प्रत्येक शाळेला दोन नियमित शिक्षक द्या, आणि सहावी ते आठवीला शून्य शिक्षक देणारे निकष मागे घ्या. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं कुठलंही बाहेरचं काम देऊ नका. एकच शिक्षक असलेल्या शाळेत बाई मिटिंगला गेल्या, तर त्या दिवसापुरता बदली शिक्षक पाठवा. केंद्रावर फिरते विषयशिक्षक नेमा.

आणि २०१७ पासून जितक्या शाळा बंद झाल्या किंवा दुसऱ्या शाळेत मिसळल्या, त्यांतलं एकेक मूल आज कुठे आहे, याची शाळावार माहिती जाहीर करा. किती मुलं नव्या शाळेत नेमानं गेली, किती गळाली, गळालेल्यांत मुली किती, लग्नं किती जणींची झाली. हा हिशेब लोकांपुढे येईपर्यंत आणखी एकाही शाळेला हात लावू नका. आधीच्या निर्णयाचं काय झालं हे न बघता पुढचा निर्णय घेणं आम्हाला मान्य नाही.

यादी आल्यानंतर आमच्या ग्रामसभेनं शाळा बंद करण्याविरुद्ध एकमतानं ठराव केला आहे, त्याची प्रत गटशिक्षणाधिकारी कार्यालयात पोच घेऊन दिली आहे. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा आम्ही आमची मुलं याच शाळेत बसवणार आहोत. त्याआधी लेखी उत्तर द्यावं, आणि ते बाईंच्या मोबाईलवर न पाठवता शाळा व्यवस्थापन समितीच्या नावानं टपालानं पाठवावं.

आपली,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य